बोर्डावर नाव नसलेलं झेरॉक्सचं दुकान, मधला मारुती, सोलापूर (चित्र काढता येत नसताना कॉमिक छापायचं असेल तर) – ४ स्टार

पहिलं हे सांगतो की या दुकानाला नाव नाही. लायसनवर कुठंतरी असेल, पण बोर्डावर नुसतं झेरॉक्स, स्पायरल, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, पॅनकार्ड असं लिहिलंय आणि खाली डिजिटल सातबारा हे नंतर स्टिकर आणून चिकटवलंय, तेही तिरकं. मधला मारुतीपासून आत बोळात शिरायचं, हॉर्नचा आवाज जरा कमी झाला की डाव्या हाताला दुकान. गाडी लांब लावून चालत या, बोळात नेली तर मागं काढताना घाम निघतो.

आता झेरॉक्सच्या दुकानाचा रिव्ह्यू एवढा मोठा का, तर मी तिथं आधार कार्डाची कॉपी काढायला नाही गेलो, कॉमिक छापायला गेलो होतो. माझं स्वतःचं, सोळा पानांचं. आणि मला चित्र काढता येत नाही. हे विनयानं वगैरे नाही बोलत, खरंच येत नाही, शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला सरांनी माझा घोडा बघून "म्हैस चांगली आलीय" म्हटलेलं आणि मी थँक्यू सर म्हणून आलो होतो. पण चिंटू वाचून मोठे झालेलो आम्ही, कॉमिक करायचं हे डोक्यात पाचवीपासून होतं, वही भरून गोष्टी होत्या, चित्राच्या जागी नुसते रिकामे चौकोन. छत्तीस वर्षाचा झालो तरी चौकोन रिकामेच. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बिलिंगला आहे, दिवसभर आकडे, घरी आलं की पोरगी, पाणी, भाजी, कधी करणार.

मधे एक पेन टॅबलेट घेऊन बघितला, स्क्रीन नसलेला, सेकंडहँड. हात टेबलावर फिरतोय, रेघ समोर मॉनिटरवर उमटतीय, मेंदूला पटतच नाही. त्यात क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं, ते फुकट आहे आणि खरंच चांगलं आहे, त्यात रेघ थरथरू नये म्हणून ब्रशला स्टॅबिलायझर लावता येतो, रेघ सरळ येते पण चेहरा? चेहरा स्टॅबिलायझर काढून देत नाही ना. तीन महिन्यात टॅबलेट भाच्याला देऊन टाकला. तो त्यावर काय काय काढतो, जळतो मी.

त्याच भाच्यानं मला एक दिवस मोबाईलवर दाखवलं की वन-पंच मॅन म्हणून जे कॉमिक एवढं गाजलं ते मुळात २००९ साली वन या टोपणनावाच्या जपानी माणसानं इंटरनेटवर टाकलेलं वेबकॉमिक, आणि ती मूळची चित्रं बघ मामा म्हणाला. बघितली. माझ्यापेक्षा बरी, पण लई नाही. लोक वाचत होते तरी. नंतर २०१२ पासून युसुके मुराता या पट्टीच्या चित्रकारानं तेच नव्यानं काढायला घेतलं. मला मुराता कोण भेटणार सोलापुरात, पण पहिला भाग तरी आपल्याला करता येईल असं वाटलं. म्हणून ए३ चा, म्हणजे ए४ च्या दुप्पट, ड्रॉइंग पेपर आणला आणि सुरू केलं.

गोष्ट गड्ड्याची आहे. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांच्या सात काठ्या, बाराबंदी (पांढरा अंगरखा) घातलेले लोक, सगळे पांढरे. त्यात एक सात-आठ वर्षाचा पोरगा बाबाचा हात सुटून हरवतो. तो बाबाला शोधतोय आणि जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या बाराबंदीतला बाबा. ही आयडिया मला चित्र येत नाही म्हणूनच सुचली, खोटं कशाला बोला. माझी सगळी माणसं सारखीच येतात, नाक एकसारखं, उभं राहायची ढब एकसारखी, मग म्हटलं सगळे सारखेच दिसतात हीच पोराची अडचण असू दे. वाचणाऱ्यालाही बाबा सापडला नाही पाहिजे. आणि काठी तर मला येते! आयुष्यभर काड्यांचीच माणसं काढली, सात काठ्या काढायला काय.

तर चार पानं काढून दुकानात गेलो, ए४ वर स्कॅन करून द्या म्हणायला. काउंटरला अण्णा असतात, साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर, घरात तेलुगू, कामगाराशी कन्नड आणि आपल्याशी आपलं सोलापुरी. आत कॉम्प्युटरवर अक्का, त्या टायपिंग आणि लग्नपत्रिका बघतात. अण्णांनी कागद उलटून पालटून बघितला, मी आपला मान खाली घालून उभा, आता हा हसणार. ते म्हणाले, "काय करलालास बे हे?" म्हटलं अण्णा कॉमिक आहे. "हात थरथरतोय तुझा." म्हटलं हो. तर म्हणाले थांब, आणि तो ए३ मशीनवर टाकून पन्नास टक्क्यावर मारला. लांबी-रुंदी निम्मी, ए३ चा थेट ए५ झाला.

मंडळी, मी तो कागद हातात घेऊन दोन मिनिटं बोललो नाही. तीच चित्रं, पण थरथर गायब. म्हणजे गायब नाही, अर्धी झालेली, आणि अर्धी झाली की डोळ्याला ती थरथर वाटत नाही, रेघेला जरा जीव आहे असं वाटतं. मोठं काढायचं आणि बारीक करून छापायचं ही छापखान्यातली जुनी युक्ती, अण्णा पूर्वी ब्लॉकच्या (चित्राचे ठसे करून छापायच्या) काळात एका प्रेसमधे होते त्यांना हे पाठ. मला चाळीस वर्षात (बरं, छत्तीस) कुणी सांगितलं नव्हतं. ए३ ची कॉपी ए४ वर आणायची तर ७१ टक्के, उलटं मोठं करायचं तर १४१, आणि पन्नासला ए५. हे तीन आकडे मी आता झोपेत सांगतो.

दुसरी गोष्ट त्यांनीच सांगितली, कच्चं काम फिकट निळ्या पेन्सिलीनं कर. प्रेसमधे छपाईआधी पानाचा फोटो काढायचे, त्या जुन्या कॅमेऱ्याला निळा दिसायचा नाही म्हणून निळ्यानं खुणा करायचे, वर काळ्यानं पक्कं करायचं, खोडायची भानगड नाही. आत्ताच्या मशीनला थोडा दिसतो निळा, पण मशीनवर कॉपी दोन घर फिकट केली की जातो. माझ्यासारख्या माणसाला हे सोन्यासारखं आहे कारण मी एक हात काढायला अकरा वेळा खोडतो आणि कागदाला भोक पडतं. आता अकरा निळ्या रेघा असतात, त्यातली जी बरी ती काळी करायची, बाकीच्या दहा मशीन खाऊन टाकते.

आणि सगळ्यात भारी ते चेहऱ्याचं. पोराचा एक चेहरा मला चुकून चांगला आला होता, रडायच्या आधीचा, ओठ जरा खाली, बस, तसा परत येईना. वीस वेळा काढला. अण्णांना म्हटलं हाच चेहरा सगळीकडं पाहिजे होता हो. ते म्हणाले मग हाच घे की. त्या चेहऱ्याच्या कॉप्या मारल्या, पन्नासवर, ७१ वर, आहे तसा आणि १४१ वर, एका ए४ वर जेवढे बसतील तेवढे, आणि एकूण दोन कागद भरून पोरंच पोरं. घरी बसून कात्रीनं कापले आणि गमानं चिकटवले. बायको म्हणाली पासपोर्ट फोटो काढून आणलेत का स्वतःचे. रडायच्या आधीचा चेहरा यात्रेतल्या पाळण्यासमोर चिकटवला की वाटतं पाळण्यात बसायचंय म्हणून हट्ट आहे, गर्दीत चिकटवला की हरवलाय, आणि शेवटच्या पानावर तोच चेहरा ठेवला तर लोक म्हणाले शेवटी हसतोय ना तो? तोच आहे हो! एकच झेरॉक्स!

चिकटवलं की कडेची सावली मशीनमधे काळी रेघ म्हणून येते, हे मात्र लक्षात ठेवा. त्याला व्हाईटनर मारायचा कॉपीवर, आणि त्या कॉपीची परत कॉपी काढायची. अण्णांकडं व्हाईटनरची बाटली काउंटरला दोरीनं बांधलेली आहे, पेनासारखी.

इथं जरा घरचं सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे वडील पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात जकार्डची कार्डं पंच करायचे. सोलापुरी चादरीवरचा मोर नाहीतर फूल जे असतं ते आधी ग्राफ पेपरवर चौकोन चौकोन रंगवून काढतात, मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची, आडव्या एका धाग्याला एक कार्ड, भोक असेल तिथला हूक उचलतो, नसेल तिथला नाही, अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून मागाच्या डोक्यावर लटकत असतात. वडिलांना चित्र येत नव्हतं. ते म्हणायचे मला मोर येत नाही, मोराचे चौकोन येतात. लहानपणी ऐकून सोडून दिलेलं वाक्य, आणि एके दिवशी अण्णांच्या काउंटरवर दहावीच्या पोरांसाठी ठेवलेले ग्राफ पेपर दिसले तेव्हा डोक्यात टण्णकन वाजलं.

त्या दिवसापासून मी सगळं ग्राफवर करतो. पोरगा सहा चौकोन उंच, बाबा चौदा, काठी कागदाच्या बाहेर जाते म्हणून तिला मोजमाप नाही. एकदा ठरवलं की माणूस पानागणिक लहान मोठा होत नाही, माझा आधी व्हायचा, तिसऱ्या पानावर पोरगा बापापेक्षा उंच झाला होता. ग्राफच्या रेघा हिरव्या असतात, त्या निळ्यासारख्या सहज जात नाहीत, म्हणून ग्राफ खाली ठेवायचा आणि वर पातळ कागद, खिडकीच्या काचेवर धरून. खिडकी आमची पश्चिमेला आहे, सोलापूरचं ऊन, संध्याकाळी पाच वाजता फुकटचा लाईटबॉक्स, फक्त घाम कागदावर टपकतो.

आता अक्कांबद्दल. चित्राचं अण्णांनी शिकवलं पण कॉमिक वाचता कसं येईल हे अक्कांनी. मी बलून, म्हणजे माणसांच्या बोलण्याचे फुगे, आधी चित्र काढून मग उरलेल्या जागेत कोंबत होतो. अक्का म्हणाल्या, "दादा, पत्रिकेत पण आधी मजकूर बसवतो, मग गणपती कुठं बसतो बघतो." शब्दशः असंच. आणि खरंय, आधी अक्षरं लावून घ्या, वरचा डावा बलून पहिला वाचला जातो, मग उजवा, मग खालचा, त्या वाटेच्या खाली माणसं उभी करा. मी आधी उत्तर देणाऱ्या पोलीसमामाला डावीकडं आणि पोराला उजवीकडं ठेवलं होतं, अक्कांनी वाचून दाखवलं तर पोलीसमामा आधीच "सापडेल सापडेल" म्हणतोय आणि पोरगा नंतर सांगतोय हरवलोय.

मराठीची अजून एक भानगड म्हणजे अक्षराला वर मात्रा आणि खाली उकार, दोन ओळीत जागा जास्त सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीतला "हु" खालच्या ओळीतल्या "की"च्या वेलांटीत अडकतो. आणि इंग्रजी कॉमिकमधे सगळं कॅपिटल अक्षरात ओरडतात तसं आपल्याकडं नाही, आपल्याकडं ओरडायचं तर अक्षरच मोठं नाहीतर जाड करायचं. "हर्र बोला हर्र" साठी मी अर्धं पान दिलंय, चित्र शून्य, नुसती अक्षरं आणि खाली टाळकी. लोकांना तेच पान सगळ्यात जास्त आवडलंय, आता काय बोलायचं.

इथंच पहिली गडबड झाली. दुकानाच्या कॉम्प्युटरवर पत्रिकांसाठीचे जुने फॉन्ट आहेत, युनिकोड नसलेले. माझा मजकूर मोबाईलवर टाईप केलेला, तो तिथं पेस्ट केला की चौकोन आणि भलतीच चिन्हं. म्हणून अक्कांनी सगळं हातानं परत टाईप केलं, बिचाऱ्यांनी दोन तास घातले, पण त्यात "पांढऱ्या" चं "पांढर्या" झालं. तो अर्धा र, आडवा असतो तो, गेला आणि त्याच्या जागी डोक्यावर रफार. आणि माझ्या गोष्टीत पांढऱ्या हा शब्द नऊ वेळा आहे!! गोष्टच पांढऱ्या कपड्याची आहे. मी प्रूफ नीट बघितलं नाही ही माझी चूक, पण दुकानात एवढ्या पत्रिका निघतात, "दुसऱ्या कन्येचा" असं तरी येत असेलच की नाही. अर्धा स्टार इथं गेला.

नंतर मी पेनड्राईव्हवर बलू आणि कलम हे दोन फॉन्ट घेऊन गेलो. दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, ओपन लायसन्स आहे त्यामुळं विकायच्या वस्तूवर पण वापरता येतात, युनिकोड असल्यानं ऱ्या वगैरे बरोबर येतं. कलम हातानं लिहिल्यासारखा दिसतो तो बोलण्याला, बलू गुबगुबीत आहे तो आवाजाला, धप्प, ढुम्म, ठो. इंकस्केप या सॉफ्टवेअरमधे बलून करून पीडीएफ न्यायचा, मग अक्कांनाही त्रास नाही आपल्यालाही नाही. हे मी आधीच केलं असतं तर त्यांचे दोन तास वाचले असते, पण त्यांनी त्याचे पैसे फक्त साठ लावले, मी लाजून शंभर दिले तर परत चाळीस दिले, वर लिमलेटच्या गोळ्या.

छपाईचं आता. आधी मी एका मोठ्या प्रेसमधे विचारून आलो होतो, नाव नको, तिथं पाचशेच्या खाली बोलतच नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, ऑफसेटला छापायच्या आधी प्लेटा करायला लागतात, तो खर्च चाळीस प्रतीवर टाकला तर एक कॉमिक चादरीच्या भावात पडेल. मला चाळीसच पाहिजे होत्या. चाळीस माणसं तरी ओळखीची आहेत का मला. अण्णा म्हणाले पाच काढ, दहा काढ, एक काढ, मशीनला काय.

पुस्तक मधे पिन मारून करायचं असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, हे मला माहीत नव्हतं, माझी होती चौदा. अक्कांनी चार रद्दी कागद घेतले, मधे दुमडले, एकात एक घातले, पेनानं एक ते सोळा आकडे टाकले आणि परत उघडले. मग दिसतं की पहिल्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, मागं २ आणि १५. कुठलाही कागद घ्या, शेजारच्या दोन पानांची बेरीज सतराच. माझ्यासारख्या बिलिंगवाल्याला हे इतकं आवडलं की मी तो डमी अजून पाकिटात ठेवलाय. चौदाची सोळा करायला दोन पानं वाढवावी लागली, त्यात एक पान नुसतं रात्रीचं होम मैदान (यात्रेचं मैदान) काढलं, सगळं काळं आणि वर शोभेच्या दारूचे पांढरे ठिपके. व्हाईटनर. पाच मिनिटात झालं.

त्या काळ्या पानानं पुढं छळलं मात्र. साध्या पंच्याहत्तर जीएसएमच्या कागदावर मागचं काळं पुढं दिसतं, पोराच्या तोंडावर रात्र पडल्यासारखी. मग त्याहून जाड, शंभर जीएसएम घेतला, थोडे पैसे वाढतात पण घ्याच. आणि कव्हरला जाड कार्ड घेणार असाल तर घडीवर काळा रंग ठेवू नका, टोनर दुमडला की तडकतो, पांढऱ्या भेगा दिसतात. माझ्या कव्हरवर बरोब्बर घडीवर एक काठी होती. तडकलेली काठी म्हणजे अपशकुन म्हणून आईनं पहिली प्रत हातात पण घेतली नाही, तिला दुसरी करून दिली.

मुख्य घोटाळा, ज्याचा उरलेला अर्धा स्टार. शनिवारी संध्याकाळी गेलो, अण्णा नव्हते, नवा पोरगा होता मशीनवर. दोन्ही बाजूनं छापायचं. त्यानं सेटिंगमधे लाँग एज, म्हणजे लांब कडेवर पलटणं, ठेवलं. आडव्या ए४ वर पुस्तक करताना शॉर्ट एजवर पलटायला लागतं, नाहीतर मागची बाजू उलटी येते, डोकं खाली पाय वर. एक प्रत काढून बघू असं ना तो म्हणाला ना मी, बोलत बसलो गड्ड्यावर. दहा प्रती निघाल्यावर मी एक उचलली तर दुसऱ्या पानावर सगळं गाव डोक्यावर उभं. तो पोरगा म्हणाला, "पाळण्यात बसलेत म्हणून उलटे दिसलेत वाटलं बे मला." हसू का रडू कळेना. अण्णा आल्यावर अर्धा खर्च त्यांनी सोसला, अर्धा मी. तरी माझं म्हणणं आहे की पुस्तकाचं काम असेल तर दुकानानं स्वतःहून आधी एक प्रूफ काढून दाखवावं, गिऱ्हाईक नवखं असतं, त्याला एज बिज काय कळतंय.

त्या दहा उलट्या प्रतीतली एक भाच्यानं ठेवून घेतली, म्हणतो लिमिटेड एडिशन.

पिन मारायला त्यांच्याकडं लांब हाताचा स्टेपलर नाही. साधा स्टेपलर ए४ च्या मधोमध पोचतच नाही. तर अण्णांनी काय केलं, साधा स्टेपलर पूर्ण उघडला, कागदाच्या खाली जुन्या हवाई चपलेचा तळ ठेवला, वरून दाबला, पिना रबरात घुसल्या, कागद अलगद उचलला आणि मागून पिनांचे पाय एक रुपयाच्या नाण्यानं चेपले. चाळीस प्रती, दोन दोन पिना. निम्म्या मी केल्या. बोटं हुळहुळली पण एवढं समाधान मला पगाराच्या दिवशीपण होत नाही. चप्पल कुणाची विचारलं नाही.

कटिंगला कडा तीन-चार मिलीमीटर जातात, कारण आतली पानं बाहेर येतात दुमडल्यावर. कडेला काही लिहू नका, निदान एक सेंटीमीटर मोकळं सोडा. माझ्या अकराव्या पानावर बाबा पोराकडं हात करतोय तो हात कापला गेलाय सगळ्या प्रतीत. गंमत म्हणजे एका शेजाऱ्यानं विचारलं, तो हात मुद्दाम अर्धा दाखवलाय ना, अजून भेट झाली नाही म्हणून? मी हो म्हणालो.

हिशोब: आतले तीन कागद दोन्ही बाजूनं, बाजूला दोन रुपये, म्हणजे बारा. कव्हर बाहेरून कलर पंधरा, आतून दोन. कागद वाढीव आणि कटिंग धरून एक प्रत साधारण बत्तीसला पडली. चाळीस प्रतींचे १२८०, उलट्यांचे माझ्या वाट्याचे १६० वेगळे. चाळीस रुपयाला विकली, सव्वीस गेल्या, १०४० आले, म्हणजे खिशातनं ४०० गेले. नऊ वाटल्या, पाच घरात आहेत. सव्वीसमधले अकरा तर कारखान्यातलेच, त्यातला एक कामगार म्हणाला यात मी आहे का, म्हटलं आहेस की, पान सातवर, पांढऱ्या कपड्यात. तो शोधत बसला आणि बोट ठेवून म्हणाला हा. बरोबर म्हटलं.

बाकी सेवेबद्दल. दहावी-बारावीच्या प्रॅक्टिकल फायली चालू असतील त्या दिवसात जाऊ नका, बोळात पाय ठेवायला जागा नसते आणि तुमचं कॉमिक जर्नलच्या गठ्ठ्यात जातं (माझी दोन मूळ पानं एका पोरीच्या बायोलॉजीत सापडली, बेडकाच्या शेजारी, आणि बेडूक माझ्यापेक्षा चांगला होता). पाण्याचा दिवस असेल तर दुकान अकरापर्यंत उघडत नाही, विचारलं तर अण्णा म्हणतात पाणी भरू का झेरॉक्स मारू. दुपारी दीड ते चार बंद. स्कॅन पाहिजे असेल तर रेघेच्या चित्राला सहाशे डीपीआय सांगा, न सांगता ते दोनशेवर करतात आणि मग मोठं केलं की पायऱ्या दिसतात. युपीआय चालतं पण तो डबा ओरडून आकडा सांगतो, बोळात सगळ्यांना कळतं तुम्ही कॉमिकवर किती घालवले.

मशीन जुनं आहे, डाव्या कडेला एक बारीक काळी रेघ येते कधीकधी, काच पुसली की जाते. न पुसता दिलं तर पुसायला सांगा, रागावत नाहीत.

एक तक्रार अशी की अण्णा प्रत्येक पान वाचतात आणि मागं जे गिऱ्हाईक उभं असेल त्याला पण वाचायला देतात. एकदा एक काका सातबारा काढायला आलेले, त्यांनी उभ्या उभ्या सोळाच्या सोळा पानं वाचली आणि म्हणाले होम मैदानावर पाळण्याच्या बाजूला पोलिसांची चौकी एवढ्या जवळ नसते. म्हटलं चौकीला अठरा चौकोन लागत होते, जागा नव्हती. तर म्हणे मग पाळणा बारीक कर. पुढच्या छपाईला केला बारीक. ७१ वर.

पुढचं चालू आहे, चोवीस पानं, बेरीज पंचवीस. चादरीच्या मागावर आहे, वडिलांचं. सगळं चौकोनातच काढायचंय त्यामुळं मला फारसं अवघड जाणार नाही, फक्त त्यांचे हात जमेनात, बोटं सात होतात नाहीतर चार. परवा अण्णांना सांगितलं तर म्हणाले इकडं आण तुझा हात, आणि माझाच हात धरून मशीनच्या काचेवर पालथा ठेवला, झाकण घातलं, पन्नासवर मारला. दोन रुपये घेतले.